इंटरकूलर आणि ताईच्या मधमाश्या

"ताई, आता चढावर बघच! मागच्यांना आपला नंबर वाचता आला तर नाव बदलीन!"

नानाने ही घोषणा केली तेव्हा चढ लागायचा होता आणि उन्हं मात्र चांगलीच वर आली होती. निघायचं ठरलं होतं पहाटे. ट्रकच्या हौद्यात ताईच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, दारांना जाळ्या ठोकून बंद केलेल्या. डोंगरमाथ्यावर फुलांना बहर आला होता. ऊन तापायच्या आत पेट्या वर नेऊन उघडायला हव्या होत्या, नाहीतर आत मेण वितळतं आणि माश्या गुदमरतात. ताईचं पोट या पेट्यांवर चालत होतं.

उशीर झाला तो इंटरकूलरपायी. नानाचा ट्रक म्हातारा. टर्बो होता, पण चढ लागला की असा रांगायचा की पायी जाणारे लोक नानाची ख्यालीखुशाली विचारून पुढे निघून जायचे! बहिणीने विश्वासाने काम दिलंय, तर असा ट्रक न्यायचा? नानाने भंगारवाल्याकडून इंटरकूलर पैदा केला आणि भेटेल त्याला शिकवत सुटला. "टर्बो इंजिनात हवा कोंबतो, पण तापलेली! ती वाटेत या जाळीत गार करायची. गार हवा जास्त मावते. मग बघा म्हातारा कसा पळतो!"

सगळं बसलं, फक्त शेवटचा रबरी होज पाइपावर चढेना. नाना घामाघूम झाला. मग त्याचं डोकं चाललं. बोटात अडकलेल्या अंगठीला साबण लावतात ना? त्याने होजला आतून भरपूर ग्रीस फासलं. होज सुर्रकन बसला! वरून क्लिप आवळून नानाने स्वतःचीच पाठ थोपटली. साबणाने अंगठी निघते, एवढा बारीक मुद्दा तेवढा त्याच्या नजरेतून सुटला.

अर्धा चढ ट्रक खरोखरच पळाला. नाना गाणं म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात धाड! मागे काळ्या धुराचा लोट उठला, ट्रकचा जोर गेला, तो रस्त्यातच अडला आणि कानाशी आवाज आला, घूंऽऽऽ!

"ताई! माश्या सुटल्या!"

नानाने काचा वर केल्या. घाबरून पाय आणखी दाबला, तर घूंऽऽऽ दुप्पट! "चिडल्या गं, चिडल्या!" मागच्या बसचा ड्रायव्हर काय झालं ते बघायला उतरला होता. नानाने काचेच्या फटीतून त्याला ओरडून सांगितलं, "पळा! मधमाश्या!" तो उलट्या पावली बसमध्ये शिरला. फटाफट खिडक्या बंद झाल्या. त्याच्या मागे गाड्यांची रांग लागली, पण एकाचीही हॉर्न वाजवायची छाती होईना.

"इंजिन बंद कर," ताई म्हणाली.

नानाने किल्ली फिरवली. आवाज थांबला.

"चालू कर."

घूंऽऽऽ!

"नान्या, माझ्या माश्या तुझ्या किल्लीवर चालतात का रे?"

ताई खाली उतरली. एकही माशी बाहेर नव्हती. बॉनेटखाली मात्र होज पाइपावरून निसटून लोंबत होता, त्याच्या तोंडातून टर्बोची हवा घोंघावत होती आणि क्लिप कुठल्या कुठे उडाली होती. ताईने पेट्यांवर हात ठेवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "तापायला लागल्यात रे."

नाना धावत बसपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "मी मूर्ख आहे. माश्या सुटलेल्या नाहीत, पण मरतील. कुणाकडे पाणी असेल तर द्या हो!"

खरं तर लोकांनी त्याला दोन शब्द सुनावायला हवे होते. पण खिडक्या उघडल्या. तान्ह्या मुलाच्या आईपासून काठीवाल्या आजोबांपर्यंत सगळे आपापली बाटली घेऊन उतरले. ताईने पेट्यांवर गोणपाटं पसरली आणि लोकांनी ती चिंब केली. एका आजीने पिशवीतली साबणाची वडी काढून दिली. नानाने होज धुऊन खडखडीत पुसला. बस ड्रायव्हरने आपल्या पेटीतली जादा क्लिप काढली आणि स्वतः आवळूनही दिली. "पुन्हा ग्रीस लावलंस, तर त्या माश्या मीच सोडीन तुझ्यावर!" तो म्हणाला. नानाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. या माणसांचं ऋण कधी फेडणार आपण, असं त्याला मनापासून वाटलं.

ट्रक सुरू झाला. निसटलेला वेळ भरून काढावा म्हणून नाना पाय दाबणार, तोच ताई कडाडली, "हळू!" चढ संपेपर्यंत ती "हळू, हळू" करत राहिली. नाना निमूटपणे रांगत गेला. मागून अख्खी रांग रांगत आली आणि कुणीही हॉर्न वाजवला नाही.

माथ्यावर ताईने जाळ्या काढल्या. पहिल्या पेटीतून माश्या भिरभिरत बाहेर पडल्या, मग दुसरीतून, मग सगळ्यांतून. ताईने डोळे पुसले आणि भावाच्या ग्रीसभरल्या गालावरून हात फिरवला.

"माझ्यासाठी केवढी खटपट केलीस रे! बहर संपला की पेट्या खाली न्यायच्यात. तेव्हाही तूच ये."

"येणारच!" नाना फुलला. "तोवर ट्रक आणखी पळवतो बघ!"

"तेच सांगतेय," ताई मायेने म्हणाली. "धक्क्याने आतली पोळी तुटतात. म्हणून सगळे ट्रकवाले सोडून सर्वांत हळू चालणारी तुझी गाडी शोधली होती. येताना तेवढं ते यंत्र काढून ये, बाळा."