झेबाला चावलं कोण?

'साहेबराव दाभाडे, खासगी गुप्तहेर. एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस. नजर घारीची, संशय सर्वांवर. प्रकरण कितीही किचकट असो, चहा उकळेपर्यंत उलगडा.'

पैठण गेटला छापून आणलेलं हे कार्ड माझ्या नवऱ्याचं आहे. मजकूरही त्यांचाच. मी सुलेखा, त्यांची सहायक, म्हणजे त्यांचं भिंग पुसते आणि तो चहा उकळते. आजवर त्यांनी दोन प्रकरणं सोडवलीत. एक चपलेच्या चोरीचं, ती त्यांच्याच पायात निघाली. दुसरं गच्चीवरच्या पाणीचोरीचं, तिथला नळही त्यांनीच उघडा ठेवला होता.

तिसरं प्रकरण खालच्या मजल्यावरून आलं. हिमरू शालींचं दुकान चालवणारे आमचे शेजारी फारूखभाई बुधवारी सकाळी वर आले. त्यांच्या सहा वर्षांच्या झेबाला अंगभर काहीतरी चावलं होतं. छातीवर, पाठीवर लाल ठिपके, अंगात कणकण आणि जेवणाचं नाव नाही. त्यांना फक्त ढेकणांचं औषध फवारणाऱ्याचा नंबर हवा होता. साहेबांनी भिंग उचललं.

मला त्या आठवड्यात असल्या उद्योगांना वेळ नव्हता. आमची करुणा आठव्या महिन्यात होती आणि शनिवारी अजिंठ्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. मी तिच्यासाठी गोधड्या उन्हात घालत होते आणि साहेब खाली झेबाला मांडीवर घेऊन ठिपके मोजत होते. चौतीस भरले. आरोपी ढेकूण, असा निकाल देऊन त्यांनी फारूखभाईंचा सोफा जिन्यात काढायला लावला.

गुरुवारी ठिपके तोंडावर आणि हातांवर आले. आदल्या दिवशीच्या काहींत तर पाणी भरलं होतं, दवाच्या थेंबासारखं. साहेबांनी सोफ्याची निर्दोष सुटका केली आणि मुंग्यांना धरलं. झेबाचं दप्तर उपसलं, शाळेची डायरी पान न् पान झटकून पाहिली. मुंगी सापडली नाही.

शुक्रवारी पहिले फोड वाळून खपली धरायला लागले आणि त्यांच्याच शेजारी नवे लाल ठिपके उठले. पोरगी खाजवून हैराण. साहेब मात्र खुशीत वर आले. मला समोर बसवून म्हणाले, तपासणीला गाडीत चढलं की एकाच बाकावर एकाचं तिकीट अजिंठ्यापासूनचं, दुसऱ्याचं सिल्लोडपासूनचं, तिसऱ्याचं फुलंब्रीपासूनचं. याचा अर्थ काय, तर तिघं वेगवेगळ्या ठिकाणी चढलेत. तसं इथंही तीन तऱ्हेच्या खुणा, म्हणजे आरोपी तीन. ही टोळी आहे. मी म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखवू या. त्यावर ते म्हणाले, डॉक्टर रोगी बघतो, आरोपी बघत नाही.

शनिवारी सकाळी चतुराबाई कामावर आल्या. आमच्याकडे आणि फारूखभाईंकडे त्याच भांडी घासतात, तीन दिवस पैठणला लेकीकडे गेल्या होत्या. साहेब तेव्हा खाली टोळीसाठी बशीत साखर मांडत होते आणि मी त्यांना नाश्त्याला बोलवायला गेले होते. चतुराबाईंनी झेबाकडं पाहिलं, पदराला हात पुसला आणि पोरीच्या केसांत बोटं घालून भांग बाजूला केला. टाळूवर दोन फोड होते. तिथवर साहेबांचं भिंग पोचलंच नव्हतं.

"साहेब, ढेकूण टाळूला चावतो व्हय?" चतुराबाई म्हणाल्या. "ठिपका, पाण्याचा फोड अन् खपली, समदं एकाच येळंला एकाच अंगावर. कांजिण्या हायत या. माझ्या तिन्ही लेकरांना झाल्यात."

फारूखभाई झेबाला घेऊन डॉक्टरकडं गेले आणि तासाभरात थेट आमच्या दारात आले. कांजिण्याच होत्या. नखं कापा, खाजवू देऊ नका, तापाला ॲस्पिरिन मुळीच देऊ नका, सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा बंद. झेबाच्या वर्गात चौघांना झाल्याची सूचना डायरीत लिहिलेली होती. साहेबांनी त्या पानावरही मुंगीच शोधली होती.

"भाभी," फारूखभाई जरा अडखळत म्हणाले, "डॉक्टर पूछ रहे थे, बिल्डिंगमध्ये कुणी गरोदर आहे का. आधी झाल्या नसतील तर लांब राहायला सांगा म्हणाले. करुणा आज येतेय ना?"

मला लहानपणी झाल्या होत्या, कपाळावर वण आहे. करुणाला कधी झाल्या नाहीत. साहेबांनाही नाहीत, ते तर गुप्तहेराला रोग होत नाही असं मिरवायचे. आणि तीन दिवस झेबा त्यांच्याच मांडीवर होती. करुणाला फोन लावला तर नुसता वाजत राहिला. जावयाचा बंद.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. भिंग केव्हाच खिशात गेलं होतं. सिल्लोड सुटून अर्धा तास झाला, एवढंच ते पुटपुटले आणि त्यांनी दुसराच नंबर लावला, एसटीतल्या एका जुन्या कंडक्टरचा.

"जय भीम, कडुबा. अजिंठ्याच्या गाडीवर तूच हायस ना आज? माझी लेक हाय गाडीत, पोटुशी हाय. तिला अन् जावयाला फुलंब्रीला उतरव. तिकीट पुढचं असलं तरी उतरव."

एकतीस वर्षांत तिकिटाच्या आधी त्यांनी कुणाला उतरवलं नव्हतं.

फुलंब्रीला माझी बहीण राहते, करुणा तिच्याकडं गेली. डॉक्टरांना विचारून मी जाऊन-येऊन राहिले. तीन आठवड्यांत त्यांनाही कांजिण्या उठण्याचा धोका आहे म्हटल्यावर साहेबांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं, गच्चीवरसुद्धा गेले नाहीत. करुणा फोनवर म्हणायची, बाबा, लांबून तरी दिसून जा. ते नाही म्हणायचे आणि मग बराच वेळ खिडकीत उभे राहायचे.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली.

"सुलेखा, मला काहीतरी चावलंय."

मी सदरा वर करून पाहिला. छातीवर दोन, पाठीवर एक. कपाळाला हात लावला तर ताप होता. डॉक्टरांना लगेच फोन केला, या वयात जास्त जपावं लागतं म्हणून. मग माझं लक्ष करुणासाठी मांडलेल्या पलंगाकडं गेलं. साहेबांच्या पलंगापासून तो हाताच्या अंतरावर होता. त्या गाडीत कडुबा नसता तर आज ती तिथंच झोपलेली असती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनीही त्या पलंगाकडं पाहिलं. मग सदरा खाली ओढून ते म्हणाले, "करुणाला कळव, आरोपी सापडला. तू तिथंच राहा म्हणावं."