वेलुअण्णांचं दुपारचं उत्तर

परदेशात, टूनगॅबीत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी शेजारचे वेलुअण्णा कुंपणावरून माझ्याशी सलग दहा मिनिटं तमिळमध्ये बोलले. मी "नो तमिळ" म्हणालो, हात जोडले, पण म्हातारा थांबेना. शेवटी वैतागून मी मराठीतच ओरडलो, "अहो, एक अक्षर कळत नाहीये मला!"

"करेक्ट!" अण्णा खूश. "यू स्पीक युवर्स, आय स्पीक माईन. नो वरीज!"

मी थक्कच झालो. अण्णांचं गाव तमिळ आणि मल्याळमच्या सीमेवरचं. तिथे भाजीवाली एका भाषेत भाव सांगते, गिऱ्हाईक दुसऱ्या भाषेत घासाघीस करतं आणि कुणाचं काही अडत नाही. अण्णांचा संसारही तसाच. माधवीअम्मा मल्याळममध्ये विचारणार, अण्णा तमिळमध्ये उत्तर देणार. छत्तीस वर्षं दोघंही हटून बसलेले!

अम्मा भाचीच्या लग्नाला गावी गेल्या आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. मग रोज दुपारी एकला अण्णांच्या अंगणात फोन स्पीकरवर लागायचा. "ऊणु कळिच्चो?" म्हणजे जेवलात का? "साप्टेन!" म्हणजे जेवलो. अण्णा एवढ्याने ओरडायचे की घरून चाललेल्या माझ्या मीटिंगमध्येही सगळ्यांना ते कळायचं.

एका आठवड्यात तीन दिवस फोन वाजला नाही. मी कुंपणाशी गेलो.

"माधवी गॉन," कढीपत्त्याला पाणी घालत अण्णा म्हणाले. "ट्यूसडे. कोविड. फ्यूनरल, फायर, ऑल ओव्हर. आय सॉ इन फोन."

"अण्णा! मला सांगायचं नाही का?"

"आय टोल्ड. फर्स्ट यू ओन्ली."

मला आठवलं. मंगळवारी ते कुंपणाशी येऊन तमिळमध्ये बराच वेळ बोलले होते. आणि मी, मूर्खासारखा, नेहमीप्रमाणे हसून म्हणालो होतो, "वा, वा, छान!" इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बरोबर एकला मी कुंपणाशी उभा राहिलो आणि घोकून ठेवलेलं म्हणालो, "ऊणु कळिच्चो?"

अण्णा गर्रकन वळले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "दॅट इज हर्स. यू स्पीक युवर्स!"

मी मराठीत विचारलं, "जेवलात का, अण्णा?"

अण्णा परत कढीपत्त्याकडे वळले.

"साप्टेन," मग हळूच म्हणाले.

साफ खोटं होतं. मी वरणभाताचा डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकलो. अण्णांनी तो उघडला आणि तिथेच, उभ्याउभ्या जेवायला लागले.