गाडीला भिणारे आबा

आमच्या शेजारचे म्हाळूआबा सरकारी गाडी दिसली की आधी चंपीला पलंगाखाली ढकलतात आणि मग स्वतः पलंगावर पांघरूण घेऊन पडतात. भर उन्हाळ्यातसुद्धा. चंपी ही गल्लीतली कुत्री. तशी ती कुणाचीच नाही, पण जेवते आणि झोपते आबांकडे.

आमचं जळोची गाव नगरपरिषदेच्या हद्दीत आलं तशी गाड्यांची वर्दळ वाढली. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, मधेच डासांसाठी धुराची गाडी, कधी गटार उपसणारी. आबांना सगळ्या सारख्याच. एकदा धुराच्या गाडीवरचा माणूस पाणी मागायला दारात आला, तर आबांनी आतून ओरडून सांगितलं, "घरात कुणी न्हाय." मी हसून हसून बेजार झाले. हेच आबा म्हणे तरुणपणी मेंढरं राखताना इंदापूरकडच्या माळावर लांडग्याच्या मागे काठी घेऊन धावले होते. मग गाडीला काय भिता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"लांडग्याच्या मागं पळता येतंय. गाडीनं न्हेलं की न्हेलं."

परवा कुत्री धरणारी गाडी आली आणि पलंग गाठायला आबांना वेळच मिळाला नाही. चंपी ओट्यावरच जाळ्यात सापडली. गाडीवरचा माणूस भला होता. ऑपरेशन करून, लस टोचून इथंच आणून सोडतो म्हणाला. आबांना ते ऐकूच गेलं नाही. दाराची चौकट धरून ते उभे होते. मी सवयीने थट्टा करायला गेले आणि मला आठवलं. साथीच्या वर्षी याच दारात दवाखान्याची गाडी उभी राहिली होती. आबांच्या घरच्या आजी आपल्या पायांनी चालत तिच्यात बसल्या, जाताना आबांना दूध तापवून ठेवा म्हणाल्या. नंतर त्यांचं तोंडसुद्धा कुणाला बघू दिलं नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आबा जेवेनात. रस्त्यावर कसलाही हॉर्न वाजला की आता मीच दाराकडे धावायचे. नगरपरिषदेत फोन केला तर तिथले साहेब म्हणाले, येईल हो ताई. मी आबांना तसं सांगितलं खरं, पण माझाही त्यावर विश्वास बसत नव्हता.

मग एका सकाळी गाडी आली आणि चंपीला उतरवून गेली. ती शेपूट हलवत थेट आबांच्या दारात. आबा मात्र मागे सरले. तिच्या एका कानाचं टोक कापलेलं होतं. मेंढराच्या कानाला कातर मारून मालकाची खूण करण्यात जन्म गेलेला माणूस. "आता ही त्यांची झाली," म्हणाले आणि तिला हात लावेनात.

मी समजावलं, आबा, ही मालकीची खूण नव्हे. हिचं सगळं झालंय, हिला पुन्हा धरायचं नाही, एवढं गाडीवाल्यांना कळावं म्हणून करतात.

"म्हंजी ह्यो कान बघितला की गाडी न्हेत न्हाय?"

"नाही नेत."

आबा खाली बसले. चंपीचं डोकं मांडीवर घेऊन तो कान हलकेच चाचपत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या हिच्याबी कानाला अशी खूण आसती, तर?"