पाचशे शब्दांत मी कुठे?

"ताई, तुझ्या निबंधात मी आहे का?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. माझी ताई नोकरी सांभाळून पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरत होती. विषय, लिफ्टची सुरक्षितता. जागा दोनच, आणि गेल्या वर्षी तिची थोडक्यात हुकलेली. अर्जासोबत 'मला हेच का शिकायचंय' यावर पाचशे शब्द लिहायचे होते.

"नाहीस," ती मान वर न करता म्हणाली. "शुद्धलेखन तेवढं तपास. बाकी कशाला हात लावू नकोस."

शुद्धलेखन! नुकतंच निबंध स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलेल्या मला! पट्टीच्या पोहणाऱ्याला बादली भरायला सांगण्यातला प्रकार. निबंध वाचला, तर तो इस्पितळातल्या जेवणासारखा, पौष्टिक आणि बेचव. 'माझे वडील लिफ्ट दुरुस्त करतात. लहानपणी मी लिफ्टमध्ये अडकले होते. तेव्हापासून या विषयात रस आहे.' बस! त्या लिफ्टमध्ये तिच्यासोबत तीन वर्षांची मीही होते, याचा पत्ताच नाही.

आमच्या बाई वहीत नेहमी लिहितात, 'तपशील हवा.' मग दिला तपशील. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध लटकलेली लिफ्ट, माझा पिवळा फ्रॉक, हरवलेला डावा बूट, ताईने मला सांगितलेली कासवाची गोष्ट. (ती लांबली. कासवच ते.) बाबांना वाचून दाखवलं, तर त्यांनी ब्रेकचं वर्णन चुकलंय म्हणून त्यावर दीड पान सांगितलं. आई म्हणाली, ताई तुझ्यापेक्षा जास्त रडत होती, ते का लपवायचं? तेही घातलं. ताईचा प्रकल्प, तिची नोकरी वगैरे शेवटी ढकललं. निबंध बाळसं धरून चौदाशे शब्दांचा झाला. पाचशेची अट मला 'हिरवळीवर चालू नये' या पाटीइतकीच गंभीर वाटली होती.

मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची. ताईने ऑफिसच्या गडबडीत, माझ्यावर विश्वास ठेवून, न वाचताच निबंध पाठवला.

संध्याकाळी तिने पोचपावती उघडली. अर्जाच्या चौकटीने पहिले पाचशे शब्द घेतले होते, पुढचे कापून टाकले होते. शेवटची ओळ होती: 'मग मी बहिणीला जवळ घेतलं आणि म्हणाले, घाबरू नकोस, कासव'

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गेलं हेही वर्ष." आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. कपाटावरचं माझं बक्षीस माझ्याकडे टक लावून बघत होतं.

सकाळी तिने विभागाला खरं ते कळवलं. 'बहिणीने भर घातली, मी न वाचता पाठवलं, चूक माझी.' दुपारी प्राध्यापकबाईंचं उत्तर आलं: 'उद्यापर्यंत तुमचा स्वतःचा निबंध पाठवा. कासवाचं पुढे काय झालं ते नको.'

ताई लिहायला बसली. मी दाराशी, तोंडाला कुलूप लावून. या वेळी त्या लिफ्टवर तीनच वाक्यं होती:

'दार उघडल्यावर बाबांनी आधी आमच्याकडे पाहिलं नाही, वर दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, आता या. त्यांनी वर काय पाहिलं, ते मला शिकायचंय.'

बाबांनी ते दोनदा वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. लिफ्टमध्ये आम्ही दोघी होतो, पण हे एकट्या ताईलाच दिसलं होतं. मी बूट शोधत होते.

तीन आठवड्यांनी तिला प्रवेश मिळाला. मैत्रिणींनी विचारलं, मग, आहेस का तू निबंधात? आहे ना! 'आमच्याकडे' या शब्दात अर्धी मी आहे. आणि खरं सांगू, तेवढी पुरते.

त्याच संध्याकाळी मी आईबाबांना समोर बसवलं.

"मी ठरवलंय. यापुढे मोजकंच लिहिणार आणि मोजकंच बोलणार. याची कारणं सतरा आहेत. पहिलं असं की..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं.