पांढऱ्यावर काळं

एका जंगलात एक बाग होती. जंगलात बाग कशाला, असं विचारू नका मुलांनो. शहाण्या प्राण्यांनी चार झाडांभोवती कुंपण घातलं, प्रत्येक खोडावर नावाची पाटी ठोकली आणि त्याला वनस्पती उद्यान म्हणायला सुरुवात केली. पाटी लागल्यापासून आंब्यालासुद्धा आपण आंबा असल्याची खात्री वाटू लागली.

या बागेत हुप्पाजी नावाचा एक वयस्कर वानर फोटो काढत असे. फक्त कृष्णधवल. त्याचं तोंड काळं, अंग पांढुरकं, त्यामुळे ही कला आपल्या रक्तातच आहे असं तो सगळ्यांना सांगे. रंगीत फोटो काढणाऱ्यांची त्याला कीव येई. गुलमोहराचा फोटो त्याने असा काढला होता, की बघणाऱ्याला झाडावर राख साचल्यासारखी वाटे. जंगलातला एकमेव समीक्षक म्हणजे घुबड. त्याने भर दुपारी डोळे मिटून त्या फोटोला 'अप्रतिम' म्हटलं. हुप्पाजीने त्या एका शब्दावर सबंध उन्हाळा काढला.

बागेच्या फाटकावर कासवनाना राखण करत. बागेमागच्या टेकडीवर कारवी होती. ती सात वर्षांतून एकदा फुलते, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. नानांनी ती फुललेली कधीच पाहिली नव्हती. बातमी कानावर आली की ते निघत, आणि पोचत तेव्हा टेकडीवर नुसत्या काड्या उरलेल्या असत. हुप्पाजीनेही ती पाहिली नव्हती. मागच्या खेपेला तो प्रदर्शनात अडकला होता.

यंदा कारवी फुलली तेव्हा नानांचे गुडघे धरले होते. कासवाला गुडघे असतात का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. नानांनी हुप्पाजीला हाक मारली.

"तू टेकडीवर चाललायस ना? मग कारवी कशी दिसते, तेवढं माझ्यासाठी पांढऱ्यावर काळं करून आण."

लिहून आण, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. नाना जुने, त्यांचं बोलणंही जुनं. पण हुप्पाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अखेर कृष्णधवलाचा खरा रसिक भेटला, असं त्याला वाटलं.

तो टेकडीवर गेला. सगळी टेकडी फुलली होती. कुठल्या फुलावर बसावं, हे मधमाश्यांना सुचत नव्हतं. हुप्पाजीने एक डोळा मिटला, दुसरा कॅमेऱ्याला लावला आणि दिवसभर सावल्या शोधल्या. रंग सारखा मध्ये येत होता. त्याने तो मोठ्या कष्टाने टाळला.

फोटो धुऊन वाळेपर्यंत फुलं गळून गेली. नानांनी फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"हे तर माझ्या पाठीसारखं दिसतंय," ते म्हणाले. "आणि तू लिहिलंयस कुठं?"

हुप्पाजीने छायाप्रकाशाबद्दल बरंच काही सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं, मग तोंडीच सांग. रंग कोणता होता?"

हुप्पाजीने डोळे मिटून आठवून पाहिलं. त्याला उजवीकडची सावली आठवली, एका पानाची कड आठवली. रंग काही केल्या आठवेना. त्याला फार वाईट वाटलं.

"तुमचं मोठं नुकसान केलं मी, नाना."

"माझं राहू दे," नाना म्हणाले. "आम्ही कासवं. पुढच्या खेपेला पुन्हा निघेन, नाहीतर त्याच्या पुढच्या. तुझं वय झालंय हुप्पा. तू आता कधी बघणार?"

त्या फोटोला यंदाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. घुबडाने डोळे मिटूनच त्याला 'रंगापलीकडे' असं नाव दिलं. टाळ्या चालू असताना हुप्पाजी शेजारच्या मधमाशीला हळूच कारवीचा रंग विचारत होता.

ती म्हणाली, "गोड."

तात्पर्य : कलावंताने डोळे उघडून काही बघू नये, बक्षीस हुकतं. आणि कारवीचा रंग मला विचारू नका, मुलांनो. ती फुलली तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून ही गोष्ट लिहीत होतो.