पाइपवरचे तीन ठोके

हे गृहस्थ सहा वर्षं इमारतीच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. समितीत पाच सभासद, पाचही पुरुष (बायकांना पाणी भरण्यातून बैठकीला वेळ कुठला!). रोज पहाटे कुणीतरी चमच्यानं पाइप ठोकायचं आणि अध्यक्षांची झोपमोड व्हायची. शेवटी त्यांनी जिन्यात सूचना लावली, 'पाइप वाजवू नये.' खाली झोकदार सही.

त्याच संध्याकाळी बायको बहिणीच्या बाळंतपणाला निघाली.

"पाण्याचं बघाल ना?"

"अगं, अध्यक्ष आहे मी!"

दुसऱ्या दिवशी दहाला पाणी खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते. त्यांना व्यवस्था पटली, तर पाणी रोज अर्धा तास जास्त मिळणार होतं. अध्यक्ष समितीच्या वेळापत्रकाप्रमाणे बरोबर साडेसहाला नळाखाली हंडा लावून बसले. नळानं एक सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू भरलेली कळशी घेऊन दारात.

"पाणी सव्वापाचला येऊन गेलं, अध्यक्षसाहेब."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगणार कसं? पाइपला तुमची बंदी. आम्ही जिने चढून दारं ठोठावली. तुमचं दोनदा ठोठावलं, तुम्ही घोरत होतात."

मग काकूंनी समजावलं. तीन ठोके म्हणजे पाणी आलं. दोन म्हणजे जोर कमी झालाय, खालच्यांनी नळ बंद करा, वरच्यांना भरू द्या. एकच ठोका म्हणजे गढूळ आहे, प्यायला घेऊ नका. वरच्या आजारी आजींचा हंडा कोणी कोणत्या वारी भरायचा, तेही ठरलेलं. अध्यक्ष ऐकतच राहिले. पाच बाप्यांनी सहा वर्षं बैठका झोडल्या आणि इमारत चालली होती काकूंच्या चमच्यावर! त्यांना भरून आलं.

दहाला साहेबांनी विचारलं, "प्रत्यक्षात पाणी कधी येतं?"

"साडेसहाला!" समितीतले बाकीचे चौघे एका सुरात म्हणाले.

"सव्वापाचला," अध्यक्ष म्हणाले, "आणि बाकीचं मलाही माहीत नाही. थांबा." ते धावत जाऊन काकूंना घेऊन आले. काकूंनी कागद न बघता मजल्यामजल्याचा हिशेब सांगितला. साहेब लिहून घेताना दमले.

"बाई, तुम्ही समितीत कशा नाही?"

अर्धा तास मंजूर झाला. अध्यक्षांनी जागच्या जागी राजीनामा देऊन काकूंना खुर्चीवर बसवलं आणि अभिमानानं बायकोला फोन लावला.

"मी अध्यक्षपद सोडलं!"

"बरं. त्यानं उद्या पाणी कमी येणार का?"

"छे, उलट वाढलं!"

"मग आधीच नाही का सोडायचं?"