टाकीखाली जमायचं

"उद्या देशातले सगळे कॉम्प्युटर एकदम झोपू देत, आपल्याला घामसुद्धा फुटणार नाही!" मेजरसाहेब छाती ठोकून सांगत. सांगणारच! तशी वेळ आली तर सरकारने काय करायचं, लष्कराने काय करायचं, याची अख्खी योजना त्यांनीच आखली होती.

त्यातून घरचेही सुटले नव्हते. "फोन गेले, दिवे गेले की पाण्याच्या टाकीखाली जमायचं. सगळे आल्याशिवाय कोणी हलायचं नाही!"

मेजरांची आई हसून म्हणाली होती, "आणि मीच नाही आले तर?"

"तर तुझ्यासाठी थांबायचं! नियम म्हणजे नियम."

पुढे आई गेली. वडील, अप्पा, मात्र ते सारखे विसरत. दर वेळी नव्याने सांगायचं आणि दर वेळी त्यांना नव्याने रडताना बघायचं! शेवटी मेजरांनी सांगणंच सोडलं. "बाहेर गेलीय, येईल," एवढंच म्हणत.

त्या योजनेच्या सरावाचा दिवस उजाडला. मेजरांनी हुकूम सोडला, "बंद!" शहरातले फोन, दिवे, कॉम्प्युटर झाडून सगळे बंद! टाळ्या पडल्या. पाठोपाठ मेजरांच्या खोलीचं दारही घट्ट बंद झालं, कारण त्याचं कुलूप कॉम्प्युटरवर चालायचं! मेजर आत, फौज बाहेर.

"साहेब, दार तोडू?" हवालदार ओरडला.

"खबरदार! सरकारी दार आहे. सुताराला फोन कर!"

"फोन तुम्हीच बंद केलेत, साहेब!"

मग काय! सायकलवरून जवान निरोप आणत होते, हवालदार ते दाराबाहेरून ओरडून सांगत होता आणि मेजर आतून ओरडून हुकूम देत होते. दुपार कलली.

"साहेब, आता घरचा निरोप. अप्पा टाकीखाली उन्हात बसलेत. हलत नाहीत, पाणीही घेत नाहीत. वहिनी म्हणतात, तुम्ही या. निरोप सकाळीच आलाय."

"सकाळी? मग आत्ता सांगतोस?"

"खासगी निरोप शेवटी! तुमचाच नियम, साहेब."

"तोड ते दार!"

मेजर धापा टाकत टाकीखाली पोचले. बायको सासऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. अप्पांचे ओठ सुकले होते, पण बसले होते अगदी ताठ.

"हे बघा, मीही आलो! झाले सगळे. चला घरी."

अप्पांनी एकेकाकडे बोट दाखवत मोजलं. "सगळे कुठे? तुझी आई यायचीय. तूच म्हणालास ना, तिच्यासाठी थांबायचं?"

खरं सांगावं, तर या उन्हात म्हातारा पुन्हा मोडून पडायचा. मेजरांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"सराव संपला, अप्पा!"

"संपला?" अप्पा टुणकन उठले. "मग ती परस्पर घरी गेली असेल! चल, चल, दारात ताटकळेल बिचारी. किल्ली माझ्याकडे आहे!"

छत्रीही न घेता अप्पा झपाझप निघाले. मेजरांना त्यांना गाठता येईना. आणि खरं सांगायचं, तर गाठायचंही नव्हतं.